वाघाच्या विष्ठेतून ताण मोजताना: रानवाटेपासून प्लेट रीडरपर्यंत

वन्यप्राण्याचा ताण मोजायला जावं, तर आपल्या चाहुलीनेच तो वाढतो. वाघाला डार्ट मारून बेशुद्ध केलं आणि रक्त काढलं, तर त्या रक्तात डार्टचा, जीपच्या आवाजाचा आणि पळापळीचा ताण आधीच उतरलेला असतो. प्राणी हाताशी आल्यापासून साधारण तीन मिनिटांत रक्तातली ताणाच्या संप्रेरकाची पातळी चढायला लागते. जाळीत सापडलेल्या पाखराचं रक्त घड्याळ लावून तेवढ्यात घेता येतं. वाघाचं कोण घेणार?

म्हणून आम्ही प्राण्याच्या मागे न लागता त्याने मागे टाकलेल्या ऐवजाच्या मागे लागतो. मराठीत त्यासाठी शब्दांची चंगळ आहे. हत्तीची लीद, गव्याचं शेण, चितळाच्या लेंड्या, घुबडाची शीट, आणि वाघ-बिबट्याची ती विष्ठा. ही केवळ भाषेची हौस नाही. प्रत्येकाचं पोट वेगळं, पचनाचा वेळ वेगळा, आणि त्यामुळे नमुना घेण्याची रीतही वेगळी. मी बहुतेक काम वाघ-बिबट्यांवर केलंय, तेव्हा पुढचं सगळं त्यांच्या अंगाने सांगतो. हत्तीवाल्यांनी आणि गव्यावाल्यांनी जागोजागी बदल करून घ्यावा.

मोजतोय ते नेमकं काय

धोका दिसला की मेंदूतून पीयूषिका ग्रंथीला निरोप जातो, तिथून एसीटीएच नावाचं संप्रेरक रक्तात येतं आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. रक्तात साखर वाढते, पळायला बळ मिळतं. वाघ, हत्ती, माणूस यांच्यात मुख्य संप्रेरक कॉर्टिसॉल. उंदीर, पक्षी, सरडे, बेडूक यांच्यात कॉर्टिकोस्टेरॉन. दोघांना मिळून ग्लुकोकॉर्टिकॉइड म्हणतात.

‘स्ट्रेस हार्मोन’ हे नाव इतकं रूढ झालंय की ते हार्मोन म्हणजे दुःखाचा थर्मामीटर आहे असं लोकांना वाटतं. तसं नाही. शिकार करताना ते वाढतं, माजावर असताना वाढतं, गाभण असताना वाढतं, आणि दिवसाच्या वेळेनुसारही खालीवर होतं.

हे कॉर्टिसॉल यकृतात मोडलं जातं आणि पित्तावाटे आतड्यात येतं. १९९६ साली पाळीव मांजरांवर एक प्रयोग झाला होता. किरणोत्सारी खूण लावलेलं कॉर्टिसॉल टोचलं, तर त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त विष्ठेतून बाहेर आलं, पण मूळ रूपातलं कॉर्टिसॉल जवळपास सापडलंच नाही. सगळे मोडतोड झालेले तुकडे, म्हणजे मेटाबोलाइट. ही गोष्ट मनात पक्की बसवा, पुढचा अर्धा घोळ इथेच टळतो. वाघाच्या विष्ठेत ‘कॉर्टिसॉल’ मोजलं असं कुणी म्हणालं, तर नेमकं काय मोजलं ते विचारा.

दुसरी गोष्ट वेळेची. गाय-मेंढीत रक्तातला चढ शेणात-लेंड्यांत साधारण १२ तासांनी दिसतो, घोड्यात २४, डुकरात ४८. वाघ-बिबट्याचं गणित ढोबळमानाने एक दिवसाचं धरून चालतात. म्हणजे आज सकाळी सापडलेली विष्ठा कालची हकीकत सांगते, आणि तीही काही तासांची सरासरी काढून. पर्यटकांच्या एका जिप्सी गाडीने एकदा दिलेला त्रास तीत शोधू नका. आठवड्या-महिन्यांचा प्रश्न असेल तर विष्ठा योग्य. काही महिन्यांचा एकत्र हिशेब हवा असेल तर केस बरे. पिसात फक्त पीस वाढत असतानाचा काळ नोंदला जातो.

आधी प्रश्न, मग पिशवी

‘आमच्या जंगलातले वाघ तणावात आहेत का?’ हा प्रश्न मोजता येत नाही. ‘कशापेक्षा?’ हे जोडलं की येतो. निरोगी वाघाची अमुक इतकी पातळी, असा कोणताही तक्ता नाही. तुलना हेच एकमेव हत्यार आहे: इथला आणि तिथला, आधीचा आणि नंतरचा.

सुंदर तुलना कशी असते ते बघायचं तर कॅनडाच्या फंडीच्या उपसागरातले राइट व्हेल पाहा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तिथली जहाजं एकाएकी थंडावली, पाण्याखालचा गोंगाट सुमारे ६ डेसिबलने उतरला, आणि व्हेलच्या विष्ठेतल्या मेटाबोलाइटची पातळीही खाली आली. अभ्यास २०१२ साली छापला गेला. (तरंगती विष्ठा शोधायला ही मंडळी बोटीवर वास घेणारी कुत्री वापरतात. आम्ही अजून आपल्याच नाकावर आहोत.)

आपल्याकडचं उदाहरण कान्हा-बांधवगडचं. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-रेणू जीवशास्त्राच्या संस्थेच्या लॅकोन्स प्रयोगशाळेने तिथल्या वाघांवर केलेलं काम २०१९ मध्ये आलं, आणि पर्यटनाच्या हंगामात पातळी जास्त दिसली. असाच अभ्यास ताडोब्यात किंवा पेंचमध्ये करायचा मनात असेल, तर एक पेच आधी सोडवा. मध्य भारतात कोअरमधलं, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातलं पर्यटन पावसाळ्यात बंद असतं. म्हणजे ‘गाड्या नाहीत’ आणि ‘पाऊस आहे’ या दोन गोष्टी एकदमच येतात. पावसाळ्यात पाणी सगळीकडे, सावज विखुरलेलं, विष्ठा भिजलेली. फरक गाड्यांचा की पावसाचा? त्यावर माझा उपाय: जिथे पर्यटन कधीच नसतं असा एखादा भाग दोन्ही हंगामांत सोबत घ्या. तिथेही तेवढाच फरक पडला, तर दोष जिप्सीला देता येणार नाही.

परवानगी

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली अभ्यासासाठी अभयारण्यात शिरायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देतात. महाराष्ट्रात त्यासाठी अर्ज नागपूरला जातो. विष्ठा ‘पडलेलीच तर आहे’ म्हणून विनापरवाना उचलू नका. अर्जात किती नमुने, कोणत्या परिक्षेत्रातून, कुठल्या लॅबमध्ये जाणार आणि उरलेल्याचं काय करणार, हे लिहा. हंगाम नोव्हेंबरात सुरू करायचा असेल तर मी मे महिन्यात अर्ज देतो.

रानात जाण्याआधी पिंजऱ्यापाशी

ही पायरी नवखे लोक हमखास गाळतात, आणि मग प्रबंध तपासणारा ती शोधून काढतो.

बाजारातलं कॉर्टिसॉलचं किट हे बहुधा माणसाच्या लाळेसाठी किंवा रक्तासाठी बनवलेलं असतं. त्यातलं प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, मूळ कॉर्टिसॉलला धरतं. आपल्या नमुन्यात मूळ कॉर्टिसॉल नाहीच. तेव्हा ते वाघाचे मेटाबोलाइट धरतं की नाही, हे सिद्ध करावं लागतं. उलटही होतं. काही अँटिबॉडी नराच्या टेस्टोस्टेरॉनचे तुकडेही धरतात, आणि मग ‘नर जास्त तणावात’ असा खोटाच निष्कर्ष निघतो.

सिद्ध करायचे दोन मार्ग. बंदिस्त प्राण्याला पशुवैद्याकडून एसीटीएच टोचून पुढचे काही दिवस पडेल तेवढी विष्ठा गोळा करायची. पातळी चढून पुन्हा मूळ जागी आली पाहिजे. यासाठी प्राणी-नैतिकता समितीची वेगळी मंजुरी लागते, आणि ती लागावीच. दुसरा मार्ग मला अधिक आवडतो, कारण तिथे आपण प्राण्याला काहीच करत नाही. प्राणिसंग्रहालयात किंवा गोरेवाडा, माणिकडोह यांसारख्या वन्यप्राणी केंद्रांत प्राणी कधी ना कधी एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात हलवतातच, उपचारासाठी पकडतातच. ती तारीख आधी कळली, तर त्याच्या आधीचे पाच आणि नंतरचे सात दिवस रोजची विष्ठा ठेवायला सांगा. किटच्या आलेखात हलवल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उंचवटा दिसला नाही, तर किट बदला. प्राण्याबद्दल शंका नंतर घ्या.

तिथेच आणखी एक परीक्षा उरका. एक ताजी विष्ठा नीट कालवून तिचे पंधरा-वीस भाग करा. काही सावलीत, काही उन्हात, काही पाणी शिंपडून ठेवा आणि ०, ६, १२, २४, ४८ तासांनी एकेक भाग गोठवा. रानातली विष्ठा किती तासांपर्यंत भरवशाची, ते यावरून ठरेल. दुसऱ्याच्या शोधनिबंधातला आकडा इथे उसना घेऊ नका, त्याच्या गावची हवा वेगळी.

रस्ता कोरा करणं

विष्ठा ताजी कशावरून? चकाकी, वास, माश्या, शेणकिडे हे सगळं आहेच. थंडीत दहिवर मदतीला येतं. गवत ओलं आणि विष्ठेवर दवाचा थेंब नाही, म्हणजे ती पहाटेनंतरची. वरही दव असेल तर रात्रीची. पण हे अंदाज झाले. पक्कं काम असं: ठरवलेल्या वाटेवरची, आगरेषेवरची (वणवा अडवायला साफ केलेल्या पट्ट्यावरची) सगळी जुनी विष्ठा संध्याकाळी चालत जाऊन बाजूला सारायची. आम्ही याला रस्ता कोरा करणं म्हणतो. सकाळी त्याच वाटेवर जे मिळेल ते फार तर १२-१४ तासांचं. बीटवरचा, म्हणजे त्या भागाची गस्त घालणारा वनरक्षक सोबत हवाच. कुठल्या वळणावर वाघ नेहमी खूण करतो हे त्याला पाठ असतं, आणि त्याने दाखवलेली जागा माझ्या नकाशापेक्षा सरस ठरलेली आहे.

हातमोजे आणि तोंडाला मास्क. मांसाहारी प्राण्यांच्या विष्ठेत माणसाला बाधणारे परजीवी असतात, विशेषतः फीतकृमींची अंडी, तेव्हा ‘काही होत नाही’ हा बाणा घरी ठेवा. आधी बाजूला पट्टी ठेवून फोटो. मग डीएनएसाठी वरच्या सालीतून थोडंसं खरवडून वेगळ्या कुपीत घ्या, आतड्याच्या पेशी तिथेच चिकटलेल्या असतात. मोठ्या बिबट्याची आणि लहान वाघिणीची विष्ठा डोळ्यांनी ओळखता येतेच असं नाही, पाऊलखुणा शेजारी असल्या तरीही. शिवाय डीएनएने नर-मादी आणि कोणता वाघ हेही कळतं. ते कळलं नाही, तर एकाच वाघाच्या दहा विष्ठा म्हणजे दहा वाघ, अशी गफलत होते.

संप्रेरकासाठी मात्र आतला भाग. तीन-चार जागांहून घेऊन झिपलॉक पिशवीतच चांगला कालवायचा, कारण मेटाबोलाइट विष्ठेत सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. मुतात भिजलेला तुकडा वगळा. पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्या छोट्या पिशवीत घालून नमुन्यासोबत ठेवा. मार्करची शाई स्पिरिट लागलं की जाते. तारीख, वेळ, जीपीएस, ऊन की सावली, आदल्या रात्री पाऊस, जवळ गुरं किंवा माणसं. वहीत हे सगळं तिथल्या तिथे लिहा. ‘रूमवर गेल्यावर लिहू’ म्हणाल तर तिसऱ्या नमुन्यापर्यंतच आठवतं.

मग बर्फ. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्या हंगामात चाळीसच्या वर नमुने जमले होते आणि विश्रामगृहाच्या साध्या फ्रीजरमध्ये ठेवले होते. मी दोन दिवस गावाला गेलो. लाईट गेली, आली, पुन्हा गेली. परतलो तेव्हा सगळं पुन्हा कडक गोठलेलं, वरवर काहीच बिघडलेलं नाही. फक्त एका पिशवीत खाली साचलेलं पाणी सपाट थर होऊन गोठलं होतं, आणि पिशवी तर मी आडवी ठेवलेली नव्हती. म्हणजे मधे सगळं वितळलं होतं. विष्ठेतले जिवाणू उबेत काम सुरू ठेवतात, मेटाबोलाइटचं रूप बदलत राहतं, आणि आकडा कधी वाढतो, कधी घटतो. किती, ते नंतर कुठल्याही सूत्राने काढता येत नाही. ते सगळे नमुने टाकून दिले. तेव्हापासून फ्रीजरमध्ये पाण्याची एक बाटली गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवतो. नाणं तळाशी दिसलं की काय झालं ते समजतं.

उणे २० अंश मिळत असेल तर तेच उत्तम. दुर्गम कॅम्पवर वीज नसेल, तर नमुना स्पिरिटमध्ये बुडवतात किंवा सोलर ओव्हनमध्ये वाळवतात. चालतं, पण एक रीत धरली की सगळ्या नमुन्यांना तीच. अर्धे गोठवलेले आणि अर्धे स्पिरिटमधले एकाच आलेखावर ठेवू नका.

लॅबमध्ये: वाळवणं, काढणं

वाघाच्या विष्ठेत अर्धे तर चितळाचे केस आणि हाडांचे तुकडे असतात. म्हणून ओल्या वजनावर हिशेब करण्यात अर्थ नाही. फ्रीझ ड्रायरमध्ये (गोठवून पाणी उडवणाऱ्या यंत्रात) नमुना कोरडा करा, कुटा, बारीक चाळणीतून चाळा. केस-हाडं वर राहतात, खाली पिठासारखी भुकटी उरते. धूळ उडते, मास्क काढू नका.

०.२ ग्रॅम भुकटी अचूक तोलून ५ मिलिलिटर ९० टक्के इथेनॉलमध्ये, पाण्याच्या बाथवर २० मिनिटं उकळा. फ्यूम हुडखाली, उघड्या ज्योतीवर कधीच नाही. सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात गरगर फिरवून गाळ खाली बसवून) वरचं द्रव काढा, गाळात पुन्हा ५ मिलिलिटर इथेनॉल घालून हलवा, पुन्हा सेंट्रिफ्यूज. दोन्ही द्रव एकत्र करून ४० अंशांना सुकवा आणि १ मिलिलिटर शुद्ध मिथेनॉलमध्ये विरघळवा. हा झाला अर्क. भारतातल्या वाघांच्या कामात ही रीत रुळलेली आहे. व्हिएन्नातल्या संशोधकांच्या परंपरेतली रीत सोपी आहे: अर्धा ग्रॅम ओला नमुना, ५ मिलिलिटर ८० टक्के मिथेनॉल, अर्धा तास हलवणं, सेंट्रिफ्यूज, संपलं. शाकाहारी प्राण्यांच्या एकजिनसी शेणा-लेंड्यांना मी तीच सुचवीन.

दर खेपेला दोन-तीन नमुन्यांत माहीत असलेल्या मात्रेचं कॉर्टिसॉल मिसळून, त्यातलं किती परत मिळतं तेही पाहा.

९६ खळगे

अर्कातलं संप्रेरक रंगावरून मोजणारी चाचणी म्हणजे एन्झाइम इम्युनोअसे, आणि तिची प्लेट म्हणजे ९६ खळग्यांची ताटली. तळाला अँटिबॉडी चिकटवलेली असते. तुमचा अर्क आणि एन्झाइमची खूण लावलेलं संप्रेरक एकदम ओतलं की दोघांची जागेसाठी झटापट होते, रेल्वेच्या जनरल डब्यासारखी. तुमच्या अर्कात माल जास्त, तर खूणवाल्याला जागा कमी, म्हणून रंग फिका. गडद निळा खळगा म्हणजे कमी संप्रेरक. पहिल्या दिवशी प्रत्येक जण हे उलटं वाचतो. शेवटी आम्ल घातलं की निळा पिवळा होतो आणि रीडर, म्हणजे रंगाची तीव्रता मोजणारं यंत्र, तो ४५० नॅनोमीटरवर वाचतो.

प्रत्येक नमुना दोन खळग्यांत टाका. दोन वाचनांत १० टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर पुन्हा करा. प्रत्येक प्लेटवर तोच एक ओळखीचा नमुना ठेवा. प्लेट-प्लेटमधला फरक १५ टक्क्यांच्या आत हवा. आणि अर्क १:५, १:१०, १:२० असा पातळ करत जाऊन येणारी रेघ प्रमाण-रेघेला (माहीत असलेल्या मात्रांवरून काढलेल्या रेघेला) समांतर जाते का, ते पाहा. समांतर नसेल तर अर्कातलं दुसरंच काही अँटिबॉडीला चिकटतंय.

हिशेब साधा आहे, पण रात्री दहा वाजता चुकतो. समजा रीडरने २ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर दाखवलं आणि अर्क ५० पट पातळ केला होता. म्हणजे मूळ अर्कात १००. अर्क १ मिलिलिटर, म्हणजे एकूण १०० नॅनोग्रॅम, तेही ०.२ ग्रॅम भुकटीतून. म्हणून ५०० नॅनोग्रॅम प्रति ग्रॅम कोरडी विष्ठा. दुसऱ्या लॅबने दुसऱ्या अँटिबॉडीने काढलेल्या ५०० शी याची तुलना करू नका. दोन वेगळ्या वजनकाट्यांवरचे ते आकडे आहेत, आणि त्यातला एक शेर मोजतो तर दुसरा किलो.

आकडा हाती आल्यावर

आकडे बहुधा एका बाजूला झुकलेले असतात, त्यांचा लॉग (लघुगणक) घ्या. एकाच वाघाचे अनेक नमुने असतील तर मिश्र प्रारूप (एकाच प्राण्याचे अनेक नमुने हिशेबात धरणारी सांख्यिकी रीत) वापरा आणि वाघाची ओळख त्यात घाला. महिना, लिंग, ऊन-सावली हेही आत येऊ द्या.

मग अर्थ लावणं, आणि इथे हात आखडता ठेवावा. सरिस्कातले वाघ संपल्यावर २००८ पासून रणथंबोरहून वाघ आणून सोडले. त्यांच्या विष्ठेवरचा अभ्यास २०१५ मध्ये छापला गेला, तेव्हा माणसांचा-गुरांचा वावर आणि वाढलेली पातळी यांचा मेळ दिसला. हे अपेक्षेप्रमाणे झालं. पण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी कर्नाटकात पिकात घुसणाऱ्या हत्तींची लीद तपासली, तर जंगलातल्या हत्तींपेक्षा त्यांची पातळी कमी निघाली. फटाके, बॅटऱ्या, आरडाओरडा, आणि तरी कमी! त्यांनी लावलेला अर्थ असा, की शेतातलं सकस खाणं त्या ताणावर उतारा ठरत असावं. २०१९ चं हे काम गडचिरोलीत किंवा दोडामार्गात हत्तींवर काही करू पाहणाऱ्याने आधी वाचावं.

उलट टोकही आहे. यलोस्टोनमध्ये स्नोमोबाइलची वर्दळ वाढली की लांडग्यांची आणि एल्क हरणांची पातळी वाढलेली दिसली, पण त्यांची संख्या त्यामुळे घटत असल्याचा पुरावा २००२ च्या त्या अभ्यासाला मिळाला नाही. वाढलेली पातळी म्हणजे नुकसान, ही उडी आपण मारतो, ती आकडा मारत नाही. नुकसान म्हणायचं तर बछडी किती जगली, शरीर कसं आहे, परजीवी किती, हे वेगळं मोजा. उपासमार की उपद्रव असा पेच पडला, तर त्याच भुकटीतून थायरॉइडचं टी-३ मोजता येतं. खाणं कमी पडलं की ते उतरतं, नुसत्या घाबरण्याने फारसं नाही.

उरलेली भुकटी फेकू नका. छोट्या कुपीत, क्रमांक टाकून, कोरडी, उणे २० वर. वहीची एक झेरॉक्स त्याच फ्रीजरवर चिकटवून ठेवा. आणि ज्या वनरक्षकाने ती वळणं दाखवली, त्याला त्याच्या बीटवरचा आलेख नेऊन दाखवा. एकाने माझा आलेख पाहून सांगितलं होतं, “हा उंच ठिपका ना, त्या आठवड्यात इथं वणवा लागला होता साहेब.” माझ्या वहीत वणव्याचा रकानाच नव्हता. आता आहे.